शेंगदाण्याचं कूट आणि बाळाच्या राखणदार पेशी

परवा इथे लखनौत शेजारच्या भाभींना साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. मांडीवरच्या सहा महिन्यांच्या नातवाला त्या चटकन बाजूला घेत म्हणाल्या, "मूंगफली है? इसे एलर्जी हो जाएगी!" बाळाचे गाल इसबाने लालभडक झाले होते.

काळजी खरी, पण उपाय उलटा!

आपल्या शरीरात 'नियामक टी पेशी' असतात. "हे अन्न आहे, शत्रू नाही, हल्ला नको," असं त्या बाकीच्या पेशींना बजावतात. याच पेशींच्या शोधासाठी शिमोन साकागुची यांच्यासह तिघांना २०२५चं नोबेल मिळालं.

बाळाच्या या पेशी पहिल्या वर्षात बरंच काही शिकतात. आतड्यातले जिवाणू आणि पोटात गेलेलं अन्न हे त्यांचे मास्तर. पण तेच अन्न आधी इसबाच्या भेगाळलेल्या त्वचेतून आत शिरलं, तर शरीर त्याला शत्रू समजू शकतं.

लंडनमध्ये गिडियन लॅक यांनी ४ ते ११ महिन्यांच्या, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास केला. शेंगदाणा टाळलेल्यांपैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांपैकी फक्त ३.२ टक्के! निष्कर्ष २०१५ मध्ये आले.

दोन सूचना: इसब जास्त असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो. बारीक कूट पेजेत नीट कालवून द्या.

भाभी आता डॉक्टरांकडे जाणार आहेत. तुमच्या घरी काय अनुभव? प्रश्न असतील तर जरूर विचारा.