लिंबूटिंबूंसाठी आल्प्स

लंडनमधल्या मराठी कुटुंबांच्या स्की-सहली आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हापासून दर हिवाळ्यात तोच फोन येतो: "शामनीलाच जाऊ या ना!" नाव मोठं आहेच. पहिलं हिवाळी ऑलिंपिक 1924 साली तिथेच झालं. पण तिथली स्कीची मैदानं दरीभर विखुरलेली, बरेचदा बस धरूनच दुसरीकडे जावं लागतं. एक कॉलेजवीर भाचा हटून बसला होता, "मी व्हॅली ब्लांश करणारच." हा 3842 मीटरवरच्या एग्वी द्यु मिदीवरून निघणारा, हिमनदीवरचा साधारण 20 किलोमीटरचा उतार. आखलेली वाट नाही, बर्फात भेगा, सोबत वाटाड्या हवाच. मी विचारलं, "आणि मामी दिवसभर कुठे असेल रे?" तो गप्प.

अशा घोळक्याला मी मेजेव सुचवते. पहिल्या महायुद्धानंतर नोएमी द रॉथशिल्ड या श्रीमंत बाईंना स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या तोडीचं फ्रेंच ठिकाण हवं होतं. त्यांच्या नॉर्वेजियन स्की-शिक्षकाने हे शेतकऱ्यांचं गाव हेरलं. बाईंची हौस दांडगी, पण आपल्या कामाचं आहे ते तिथलं कुरण. गाईगुरं चरायची त्या उतारांवर नवशिक्याची छाती दडपत नाही. ढग उतरले तरी झाडांमुळे चढउतार कळतो. स्की न करणाऱ्या आजी-आजोबांना चर्चभोवतीचा चौक आहे. खोट एकच: गाव जेमतेम 1100 मीटरवर, त्यामुळे उबदार हिवाळ्यात खाली बर्फ टिकत नाही.

बर्फाची खात्री हवी तर 1850 मीटरवरचं व्हाल दिझेर. पण 1992 च्या ऑलिंपिकमधली पुरुषांची डाउनहिल शर्यत जिथे झाली तो बेलवार्दचा कडा गावाच्या थेट डोक्यावर आहे. हिरवा, निळा, लाल, काळा या उतारांच्या चढत्या अवघडपणाच्या खुणा प्रत्येक ठिकाण आपापल्या डोंगराच्या मानाने लावतं. इथला निळा मेजेवच्या निळ्याहून बराच तिखट. त्यात दिवसभराच्या गर्दीने संध्याकाळी बर्फाचे उंचवटे होतात, पाय थकलेले असतात. जाणकार सरळ रोपवेच्या पाळण्यात बसून खाली येतात, आणि त्यात लाज कसली?

माझा कौल असा: घरात लिंबूटिंबू असतील तर मेजेव, सगळ्यांचे एकदोन हिवाळे झाले असतील तर व्हाल दिझेर, शामनी फक्त तयारीच्या मित्रांसाठी. पैसे भरण्याआधी उतारांचा नकाशा उघडा आणि गावात उतरणारी शेवटची वाट कुठल्या रंगाची आहे, तेवढं बघा.