एकच घाट, तीन लेखनपद्धती : अंश, मिनिटे आणि दशांशांचा हिशेब

वाराणसी : काशीच्या गंगाकाठाने शिंद्यांच्या घाटाकडून पंचगंगा घाटाच्या दिशेने निघाले की वाटेत भोसले घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा घाट आणि त्यावरचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर मराठी यात्रेकरूंच्या परिचयाचे आहे. मात्र या घाटावर एखादा वृद्ध यात्रेकरू घसरून पडला किंवा नाव उलटली आणि मदत मागवायची झाली, तर केवळ नाव सांगून भागत नाही. शेजारी शेजारी असलेले घाट, मागची अरुंद गल्ल्यांची गुंतागुंत आणि पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या यांमुळे नेमकी जागा आकड्यांत सांगावी लागते. हातातला मोबाइल संच हे आकडे क्षणात दाखवतो. अडचण असते ती आकडे वाचण्यात, कारण एकाच जागेचे अक्षांश आणि रेखांश तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिले जातात आणि तिन्ही पद्धतींत अंक वरवर सारखेच दिसतात.

भोसले घाट सुमारे २५.३१३ अंश उत्तर अक्षांश आणि ८३.०१६ अंश पूर्व रेखांश येथे आहे. ही झाली दशांश अंशांची पद्धत. गूगल मॅप्ससारख्या नकाशांवर एखाद्या जागेवर बोट दाबून धरले की याच स्वरूपातील आकडे दिसतात. हीच जागा अंश आणि दशांश मिनिटांत २५°१८.७८′ उत्तर, ८३°०.९६′ पूर्व अशी लिहिली जाते. जहाजे, विमाने आणि मच्छीमार नौकांवरील यंत्रांत ही पद्धत रूढ आहे. सर्वेक्षणाचे नकाशे, शालेय भूगोल आणि अनेक होकायंत्र अॅप्स मात्र तिसरी पद्धत वापरतात. तीत हाच घाट २५°१८′४६.८″ उत्तर, ८३°०′५७.६″ पूर्व असा दिसतो.

साठाचा हिशेब

अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटे आणि मिनिटाचे साठ भाग म्हणजे सेकंद, ही विभागणी भारतीय वाचकाला नवी नाही. सूर्यसिद्धान्तात साठ विकलांची एक कला, साठ कलांचा एक अंश, तीस अंशांची एक राशी आणि बारा राशींचे एक पूर्ण वर्तुळ, असे कोष्टक दिले आहे. पंचांगात ग्रहांची स्थिती आजही राशी, अंश, कला आणि विकला यांतच छापली जाते. भूगोलातील मिनिट म्हणजे कला आणि सेकंद म्हणजे विकला. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही काशीतील एका मराठी विद्वानाच्या हातून. पुण्यात जन्मलेले, नागपुरात शिकलेले आणि बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केलेले बापूदेव शास्त्री यांनी ते केले होते.

षष्टिमान आणि दशमान या दोन पद्धतींमध्ये ये-जा करण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : लहान एककाकडे जाताना साठाने गुणावे, मोठ्या एककाकडे जाताना साठाने भागावे.

भोसले घाटाचा अक्षांश २५.३१३ अंश. यातील पूर्णांक २५ हे अंश झाले. उरलेल्या ०.३१३ ला ६० ने गुणले की १८.७८ येतात. त्यातील १८ ही मिनिटे. उरलेल्या ०.७८ ला पुन्हा ६० ने गुणले की ४६.८ सेकंद मिळतात. उत्तर : २५°१८′४६.८″.

उलट जाताना १८ मिनिटांना ६० ने भागले की ०.३ अंश येतात. ४६.८ सेकंदांना ३६०० ने भागले की ०.०१३ अंश येतात. २५, ०.३ आणि ०.०१३ यांची बेरीज केली की पुन्हा २५.३१३. रेखांशातही हेच : ०.०१६ गुणिले ६० म्हणजे ०.९६ मिनिट, म्हणजेच शून्य पूर्ण मिनिटे आणि ५७.६ सेकंद.

चूक कोठे होते?

बहुतेक चुका गुणाकार-भागाकारात होत नाहीत. दशांश चिन्हानंतरचे आकडे मिनिटे समजून वाचले जातात किंवा मिनिटे दशांश चिन्हानंतर जशीच्या तशी लिहिली जातात, तेथे घोटाळा होतो. २५°१८′४६.८″ हा अक्षांश कोणी २५.१८४६८ असा टिपला, तर दाखवलेली जागा भोसले घाटाच्या सुमारे १४ किलोमीटर दक्षिणेला जाते. याउलट २५.३१३ हे २५ अंश ३१ मिनिटे ३ सेकंद असे वाचले, तर जागा साडेबावीस किलोमीटरांहून अधिक उत्तरेला सरकते. मदत करणाऱ्या पथकाने आकडे तंतोतंत पाळले तरी ते भलत्याच ठिकाणी पोहोचते.

भोसले घाटाच्या रेखांशात आणखी एक सापळा आहे. ८३°०′५७.६″ यातील मिनिटांचे शून्य बोलताना किंवा टिपताना गळले, तर ऐकणारा ते ८३ अंश ५७.६ मिनिटे असे समजू शकतो. तेवढ्याने जागा सुमारे ९५ किलोमीटर पूर्वेला, थेट बिहारमध्ये जाते. म्हणून मिनिटे आणि सेकंद नेहमी दोन अंकी लिहावेत : ८३°००′५७.६″.

शालेय पुस्तकातील एक परिचित उदाहरणही हेच सांगते. भारताच्या मुख्य भूमीचा अक्षवृत्तीय विस्तार ८°४′ ते ३७°६′ उत्तर असा पाठ केला जातो. यातील ८°४′ म्हणजे ८.४ अंश नव्हे. चार भागिले साठ या हिशेबाने ते ८.०६७ अंश होतात. दोहोंतील अंतर सुमारे ३७ किलोमीटर आहे. भारतीय प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२°३०′ पूर्व आहे आणि ते ८२.५ असेही लिहितात. ८२.५ चा अर्थ ८२ अंश ५ मिनिटे असा घेतला, तर वाराणसीच्या अक्षांशावर ते रेखावृत्त सुमारे ४२ किलोमीटर पश्चिमेला ढकलले जाते.

अंकांची जागा चुकल्याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, हे मार्च २०१५ मध्ये सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका प्रवासी विमानाच्या बाबतीत दिसले. विमानतळावरील जागेचा रेखांश १५१°०९.८′ पूर्व होता आणि तो यंत्रात १५१०९.८ असा भरायचा होता. भरला गेला ०१५१९.८, म्हणजे १५°१९.८′ पूर्व. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या अहवालानुसार यामुळे विमानाच्या नोंदीतील स्थान ११ हजार किलोमीटरांहून अधिक चुकले. उड्डाणानंतर दिशादर्शन बिघडले आणि अखेर ते मेलबर्नला उतरवावे लागले. अंश आणि मिनिटे यांच्यात कोणतेही चिन्ह नसलेली ही सलग लिहिण्याची रीत उपग्रह दिशादर्शन यंत्रांच्या अंतर्गत संदेशांतही असते. तेथे भोसले घाटाचा अक्षांश २५१८.७८०० असा येतो. अशा वेळी दशांश चिन्हाच्या लगेच डावीकडचे दोन अंक मिनिटांचे आणि त्यापूर्वीचे अंशांचे, हे ध्यानात ठेवावे.

किती अंक पुरेसे?

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद सुमारे ३१ मीटर. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत असल्याने रेखांशाचा एक अंश वाराणसीत साधारण १०० किलोमीटरच भरतो आणि एक सेकंद २८ मीटर. दशांश पद्धतीत तिसरा अंक सुमारे १११ मीटर, चौथा ११ मीटर आणि पाचवा एक मीटर इतके अंतर दाखवतो.

वाराणसीचे ८४ घाट साडेसहा-सात किलोमीटरच्या काठावर पसरले आहेत, म्हणजे एका घाटाला सरासरी ८० मीटर वाट्याला येतात. त्यामुळे वरील उदाहरणातील तीन दशांश स्थळे हिशेब शिकण्यास पुरेशी असली, तरी मदत मागवताना अपुरी आहेत. तीन अंकांत भोसले घाट आणि शेजारचा घाट यांत गल्लत होऊ शकते. चार किंवा पाच दशांश स्थळे द्यावीत. अंश, मिनिटे आणि सेकंद सांगणार असल्यास सेकंदाचा एक दशांश अंक द्यावा, तो सुमारे तीन मीटरपर्यंत नेतो. सहाव्या-सातव्या अंकापर्यंत जाण्यात अर्थ नाही, कारण मोबाइल संचाची स्वतःची अचूकता, विशेषतः उंच इमारतींच्या गल्लीत, तेवढी नसते.

रूपांतर करताना सेकंदांची पूर्ण संख्या घ्यायची झाली आणि ५९.७ सेकंद हे ६० झाले, तर तेथे ६० लिहून थांबू नये. ते सेकंद शून्य करून मिनिटांत एक मिळवावा. मिनिटांच्या किंवा सेकंदांच्या जागी ६० किंवा त्याहून मोठा अंक दिसला, तर कोणीतरी दोन पद्धतींची सरमिसळ केली आहे, हे निश्चित समजावे.

कोन आणि वेळ

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणून १५ अंशांचा एक तास आणि एका अंशाची चार मिनिटे होतात. येथे कोनाचे मिनिट आणि वेळेचे मिनिट यांत गल्लत करू नये. कोनाचे एक मिनिट वेळेच्या अवघ्या चार सेकंदांएवढे असते. भोसले घाट प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून ०.५१६ अंश पूर्वेला आहे. त्याला चाराने गुणले की २.०६४ मिनिटे येतात. म्हणजे घाटावरची स्थानिक मध्यम वेळ घड्याळापेक्षा दोन मिनिटे चार सेकंद पुढे असते. मुंबई मात्र जवळपास ३९ मिनिटे मागे आहे. जुन्या पद्धतीत हाच देशांतराचा हिशेब घटी-पळांत होत असे : सहा अंशांची एक घटी, म्हणजे २४ मिनिटे, आणि सहा कलांचे एक पळ, म्हणजे २४ सेकंद.

संगणकावर अंतर मोजताना कोनाचे आणखी एक एकक समोर येते, ते म्हणजे रेडियन. १८० अंश म्हणजे पाय रेडियन, म्हणून अंशांना पायने गुणून १८० ने भागावे. भोसले घाटाचा अक्षांश ०.४४१८ रेडियन होतो. स्प्रेडशीटमधील कोसाइन हे सूत्र रेडियनच गृहीत धरते. त्यात थेट २५.३१३ भरल्यास ०.९०४ ऐवजी ०.९८४ असे उत्तर येते. ते अशक्य वाटत नाही, म्हणूनच अधिक धोकादायक ठरते, कारण त्यामुळे रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे नऊ किलोमीटरची चूक होते. काही गणकयंत्रांत ‘ग्रेडियन’ हाही पर्याय असतो. त्यात वर्तुळाचे ४०० भाग धरतात, तेव्हा मोजणीपूर्वी पर्याय तपासणे इष्ट.

लेखनपद्धती बदलल्याने जुन्या नकाशांतील एक फरक मात्र मिटत नाही. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्टन यांचे १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या प्रारूपावर देशाचे जुने स्थलाकृतिक नकाशे आधारलेले होते. उपग्रहांवर आधारित यंत्रे वेगळे प्रारूप वापरतात. त्यामुळे जुन्या नकाशातील आकडे मोबाइलमध्ये भरल्यास बिंदू थोडा सरकतो. त्यासाठी साठाने भागणे पुरत नाही, प्रारूपांतराचे वेगळे गणित करावे लागते.

सांगण्यापूर्वी तपासावे

भारतातील मुख्य भूमीपुरती एक सोपी कसोटी आहे. अक्षांशाचा पूर्णांक ८ ते ३७ आणि रेखांशाचा ६८ ते ९७ यांदरम्यान असतो. दोन्ही मर्यादा एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून आकडे उलटसुलट झाले तर लगेच कळते. भोसले घाटाचे आकडे उलटे भरले, तर ८३ अंश उत्तर अक्षांशावरचा आर्क्टिक महासागर समोर येतो. नकाशांवर सहसा अक्षांश आधी असतो, पण संगणकीय माहितीच्या काही प्रकारांत रेखांश आधी लिहितात.

११२ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा समुद्रातून तटरक्षक दलाला स्थान कळवताना पद्धतीचे नाव आधी सांगावे : ‘दशांश अंश’, ‘अंश आणि दशांश मिनिटे’ किंवा ‘अंश, मिनिटे, सेकंद’. दशांश चिन्ह ‘पॉइंट’ असे स्पष्ट उच्चारावे, शून्ये गाळू नयेत, उत्तर-पूर्व हे शब्द जोडावेत आणि ऐकणाऱ्याकडून आकडे पुन्हा वदवून घ्यावेत. सोबत ओळखीची एक खूणही द्यावी. ‘भोसले घाट, लक्ष्मीनारायण मंदिर’ एवढे शब्द आकड्यांसोबत असले, तर १४ किलोमीटरची चूक पथक निघण्यापूर्वीच उघडकीस येते.