आडनाव आलं कुठून? नाशिकच्या वाटेने शोध

रामकुंडावर विधीला गेलात की उपाध्ये आधी विचारतात, ‘आडनाव काय? मूळ गाव कोणतं?’ नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. नुसत्या आडनावाने त्यांत माणूस सापडत नाही, गाव लागतंच. आडनावाचा अर्थ शोधणाऱ्यानेही हाच क्रम धरावा.

गाव सुटलं की ‘कर’

निफाडमध्ये राहणाऱ्याला निफाडकर म्हणून काय कळणार? तिथे सगळेच निफाडचे. गाव सोडून माणूस दुसरीकडे गेला की ‘कर’ चिकटतो. चांदवडकर, सायखेडकर, ओझरकर ही आडनावं बहुधा अशीच पडली. सावरकर १८८३ साली भगूरला जन्मले, पण भगूरकर झाले नाहीत. त्यांचं घराणं मूळ कोकणातलं.

उलटंही घडतं. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव मूळचे दाणी. विंचूरची जहागीर मिळाली आणि ते विंचूरकर झाले. तेव्हा ‘कर’ दिसला की पूर्वज त्या गावातून निघाले की त्या गावाचे धनी झाले, हे तपासून घ्यावं.

हुद्दा गेला, नाव राहिलं

देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, पोतदार, चिटणीस ही सगळी कामांची नावं. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं, वंशपरंपरागत पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. आडनावं मात्र शाबूत आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे भागात सोयरीक जुळवताना ‘आम्ही पाटील’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: ‘पाटील खरं, पण मूळ कोणते?’ मग देवरे, निकम, आहेर असं काही बाहेर येतं. वंशावळ काढायची तर हे दुसरं आडनावच कामाचं, कारण पाटील गावोगाव आहेत.

आडनावावरून जात ओळखणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पवार, जाधव, गायकवाड ही आडनावं मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, इतर समाजांतही आहेत. त्यावरून नातं ठरत नाही.

टोपे म्हणजे काय?

तात्या टोपे येवल्याचे, मूळ नाव रामचंद्र पांडुरंग. ‘टोपे’ कसं पडलं? कोणी म्हणतं, दुसऱ्या बाजीरावाने टोपी बक्षीस दिली. कोणी तोफेशी संबंध जोडतं. दोन्ही गोष्टी ऐकायला झकास, पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या पराक्रमाच्या कथाही याच मापाने मोजाव्यात. वाघमारे आडनाव असलेल्या प्रत्येक घरात वाघ मारणारा आजोबा असलाच पाहिजे असं नाही.

कागद वाचताना

शोध आजी-आजोबांपासून सुरू करावा. कुलदैवत, देवक आणि मूळ गाव आधी लिहून घ्यावं. मग शाळेचा दाखला, जुने सातबारे, फेरफार, जन्ममृत्यूच्या नोंदी. त्यामागे गेलात की मोडी लिपी येते आणि वाचणारा शोधावा लागतो. तिथे ‘रामजी बिन गणोजी’ म्हणजे गणोजीचा मुलगा रामजी. कित्येकदा आडनाव लिहिलेलंच नसतं. बापाचं नाव आणि मौजे एवढ्यावर भागायचं.

दत्तकाकडे विशेष लक्ष द्यावं. कुसुमाग्रजांचं जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. स्वतःचं आणि वडिलांचं नाव बदललं. दत्तक घराण्यातच असल्याने आडनाव तेवढं टिकलं. घराबाहेर दत्तक गेलेल्याचं तेही बदलतं आणि धागा तुटल्यासारखा वाटतो.

बायकांचा माग सर्वांत अवघड. जुन्या कागदांत ‘सखूबाई कोम रामजी’, म्हणजे रामजीची बायको, एवढंच असतं. माहेरचं आडनाव गायब. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायला लावलं आहे. आईचं आडनाव मात्र त्यात नाही. ते घरच्या वहीत आजच टिपून ठेवावं. जमल्यास आजीचं आणि पणजीचंही, त्यांच्या गावांसकट.