खालचा दरवाजा

कोलंबिया विद्यापीठाचे नाव निघाले की आपली मान ताठ होते. १९१३ ते १९१६ बाबासाहेब तेथे शिकले, १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाची एलएल.डी. दिली. हे आम्हा सर्वांना पाठ आहे. पण याच विद्यापीठाने बांधायला घेतलेल्या एका व्यायामशाळेची हकिकत आमच्या सभांतून फारशी ऐकू येत नाही. ती सांगितली पाहिजे.

न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठ टेकडीवर, तर कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती टेकडीखाली. मधल्या उतारावर मॉर्निंगसाइड पार्क ही सार्वजनिक बाग. बागेतली सुमारे दोन एकर जागा शहराने १९६१ साली विद्यापीठाला भाड्याने दिली. भाडे वर्षाला तीन हजार डॉलर! विद्यार्थ्यांनी वरच्या दरवाजाने यायचे, हार्लेमकरांनी खालच्या. आणि त्यांच्या वाट्याला इमारतीचा जेमतेम बारा-पंधरा टक्के भाग.

जागा सर्वांची, दरवाजे दोन. आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. पुण्यात बाळू पालवणकरांची गोलंदाजी संघाला चालत होती, चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे.

उतारामुळे दरवाजे तसे ठेवावे लागले, असे सांगण्यात आले. असेलही. पण आतले वाटेसुद्धा उतारानेच ठरवले काय?

अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. व्यायामशाळेलाही इंग्रजीत ‘जिम’च म्हणतात. लोकांनी नेमका तोच शब्द पकडला.

फेब्रुवारी १९६८ मध्ये खोदकाम सुरू झाले. ४ एप्रिलला मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली आणि २३ एप्रिलला विद्यार्थी उठले. व्हिएतनाम युद्धाशी जोडलेल्या संशोधनाचाही राग होताच. हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्या साथीदारांना सांगितले, तुम्ही दुसरी इमारत बघा. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. साथ हवी, पण लढ्याची सूत्रे आपल्याच हाती. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस शिरले, सातशेहून अधिक जणांना अटक झाली. पण बागेतली व्यायामशाळा विद्यापीठाला सोडूनच द्यावी लागली.

पुढे १९७० च्या दशकात विद्यापीठाने स्वतःच्या आवारात, बरीचशी जमिनीखाली, नवी व्यायामशाळा बांधली. म्हणजे आवारात जागा होती तर!

बागेतला खड्डा मात्र वर्षानुवर्षे तसाच पडून होता. आता तेथे तळे आणि धबधबा आहे. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. त्याला वंदन करायला जाणाऱ्या बांधवांनी टेकडी उतरून ते तळेही पाहून यावे. चालत जाता येते.