वाऱ्याच्या हवाली

लासलगावहून विंचूरकडे निघालं की मळ्यामळ्यांत लांबट, अरुंद, जमिनीपासून उचललेल्या कांदाचाळी दिसतात. 1947 साली सुरू झालेल्या लासलगाव बाजार समितीचं नाव देशभर ठाऊक आहे. पण एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा दिवाळीच्या तोंडापर्यंत लिलावाला येत राहतो, तो या चाळींच्या जोरावर. त्यांत ना पंखा, ना वीज.

सगळी मेख रुंदीत आहे. एका पाखीच्या, म्हणजे एकाच रांगेच्या, चाळीत कांद्याचा थर जेमतेम चार फूट रुंद असतो. काढलेला कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, ऊब आणि ओल बाहेर टाकतो. ढीग रुंद झाला की ही ऊब पोटात कोंडते आणि तिथूनच सड सुरू होते. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घेतात, बांबूंमध्ये फटी ठेवतात. गरम हवा हलकी होऊन छपराखालून निघून जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा शिरते. भिंतीही बांबूच्या किंवा तुराट्यांच्या, वारा आरपार जाऊ देणाऱ्या. इथला वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून अशी चाळ दक्षिणोत्तर बांधतात. वाऱ्याला लांबी नव्हे, फक्त ती चार फुटं ओलांडावी लागतात. थर पाच फुटांवर चढवत नाहीत, नाहीतर वरच्या भाराने तळचा कांदा दबतो.

खरी कसोटी मात्र चाळ भरण्याआधीच लागते. उपटलेला कांदा वाफ्यातच असा पसरतात, की एका ओळीची पात आधीच्या ओळीच्या कांद्यांवर सावली धरते. मग इंचभर मान ठेवून, पिळा देऊन पात कापायची आणि कांदा सावलीत सुकवायचा. मान मिटली की पाणी आतच राहतं आणि बुरशीची वाट बंद होते. घाईत ओल्या मानेने भरलेली चाळ कोणताही सुतार वाचवू शकत नाही.

मला सर्वांत नवल वाटतं ते तापमानाचं. कांदा गारव्यात टिकेल असं आपण धरून चालतो. तो शून्याजवळ टिकतो, तसाच 25 ते 30 अंशांतही निजून राहतो. कोंब फुटतात ते मधल्या, दहा ते वीस अंशांच्या गारव्यात. चाळ उबदार असते, ही तिची उणीव नव्हेच.

भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 मध्ये लासलगावात ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं. तिथले कोबाल्टचे गॅमा किरण कांद्याचे कोंब रोखतात. पण सड आणि वजनातली घट त्यांना थांबवता येत नाही. त्यासाठी त्या कांद्यालाही कोरडी, खेळती हवा लागतेच.

पावसाळ्यात झडीच्या बाजूला बारदानाचे पडदे सोडतात, उघडीप मिळताच ते गुंडाळून ठेवतात. ऑक्टोबरात चाळ फोडली जाते. बाया खाली बसून निवड करतात: काजळी लागलेला एकीकडे, कोंबाचा दुसरीकडे, बारीक गोल्टी वेगळी. उरलेला, हाताला टणक लागणारा कांदा ट्रॅक्टरमध्ये पडतो, तेव्हा त्याचं पापुद्र्याचं साल कोरडं खळखळतं.