संगणकावरचे चार चौकोन आणि सिकलसेल

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही. आजार आला कुठून, यावर मात्र घराघरांत वाद होतात आणि बोट बहुधा सुनेकडे जाते. म्हणून बारावीतल्या मुलामुलींना आम्ही सांगतो, जीवशास्त्राच्या वहीतला पनेट चौकोन संगणकावर मांडा आणि छापून घरच्यांना दाखवा. (रेजिनाल्ड पनेट हे इंग्लंडचे आनुवंशशास्त्रज्ञ, चौकोनाला नाव त्यांचेच.)

वर्डमध्ये 'इन्सर्ट'मधून 'टेबल' घ्या, तीन उभ्या, तीन आडव्या रांगांचे. डाव्या कोपऱ्यातले वरचे घर रिकामे सोडा. वरच्या रांगेत वडिलांचे ए आणि एस, डावीकडच्या रांगेत आईचे ए आणि एस. ए म्हणजे नेहमीचे जनुक, एस म्हणजे सिकलचे. टॅबची कळ दाबत पुढे जा. उरलेली घरे भरतील : एए, एएस, एएस, एसएस.

मेंडेलच्या वाटाण्याचा चौकोन करताना वर्ड एक खोडी काढतो. बुटकेपणासाठी छोटे टी लिहून टॅब दाबला, की तो ते आपणहून मोठे करतो. झाले, बुटके झाड उंच! 'ऑटोकरेक्ट'मध्ये जाऊन तक्त्याच्या घरातले पहिले अक्षर मोठे करण्याची खूण काढून टाकावी. सिकलला दोन्ही अक्षरे मोठीच, तेव्हा हा ताप नाही.

आता कागद वाचा. दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर दर गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50. चार घरे म्हणजे चार मुले नव्हेत. पहिले बाळ एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. आणि एसएसमधला एक एस आईचा, दुसरा बापाचा. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी वरची रांगही वाचावी.

जोडीदार एए असेल तर दुसरा तक्ता करा. त्यात एसएस कुठेच येत नाही. मग वाहक मुलीचे ठरलेले लग्न मोडायचे कशासाठी?

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. तपासणीला जाताना एवढे ध्यानात असू द्या, की नुसती सोल्युबिलिटी चाचणी एएस की एसएस हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वधू-वरांच्या परिचयपत्रात रक्तगटाखाली तिच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवा.