नवे मृदू प्रवाळ घरगुती मत्स्यालयात कसे रुजवावे

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेले पांढुर्णा व सौंसर हे तालुके संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढलेल्या पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात हे दोन्ही तालुके समाविष्ट आहेत. जाम व कन्हान या नद्यांमुळे येथील जनतेला गोड्या पाण्यातील मासे चांगले परिचित आहेत. समुद्र मात्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी घरातील काचेच्या टाकीत खारे पाणी तयार करून त्यात प्रवाळ वाढविणे शक्य आहे. परंतु ते सोपे नाही. विशेषतः प्रवाळ घरी आणल्यानंतरचे पहिले तीन आठवडे निर्णायक ठरतात. या काळात कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती येथे दिली आहे.

मृदू प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ दिसते वनस्पतीसारखे. वस्तुतः तो प्राणी आहे. पॉलिप नावाच्या असंख्य लहान जीवांची ती वसाहत असते. मृदू प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला पिसांसारखी आठ शुंडके असतात. कठीण प्रवाळ चुन्याचा दगडी सांगाडा उभारते. मृदू प्रवाळाच्या मांसल शरीरात चुन्याचे केवळ सूक्ष्म कण विखुरलेले असतात. घरगुती टाकीत सामान्यतः ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक मृदू प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वास करते. हे शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा प्रवाळास मिळतो. प्रवाळाचे आरोग्य या भागीदारीवर अवलंबून आहे, आणि पाण्यातील व प्रकाशातील आकस्मिक बदलांनी ती प्रथम बिघडते.

पाण्याची पूर्वतयारी

या भागातील जमीन काळ्या बेसाल्ट खडकावरील आहे. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते आणि शेतातील खतांचे नायट्रेटही त्यात उतरू शकते. म्हणून असे पाणी थेट वापरू नये. आर. ओ. यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे कृत्रिम सागरी मीठ मिसळावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी घटक त्यात आवश्यक प्रमाणात नसतात. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे १·०२५ च्या आसपास विशिष्ट गुरुत्व, हे प्रमाण योग्य होय. सामू ८·१ ते ८·४ आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस असावे.

टाकी भरली म्हणजे ती तयार झाली, असे नव्हे. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू टाकीत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही काही महिने टाकी सुरळीत चालू द्यावी व मगच प्रवाळ आणावे. माशांच्या रोगावर पूर्वी तांबेयुक्त औषध वापरलेली टाकी प्रवाळास घातक ठरते.

पहिला दिवस

संत्र्याचे नवे कलम लावताना येथील बागायतदार त्यास सावली करतो, काठीचा आधार देतो आणि लगेच जोरखत घालीत नाही. मुळे जमिनीत स्थिर होईपर्यंत रोपाला शांतता हवी, हे तो अनुभवाने जाणतो. प्रवाळाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो.

प्रवाळ असलेली पिशवी न उघडता पंधरा ते वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. दोन्ही पाण्यांचे तापमान समान होते. नंतर प्रवाळ पिशवीतील पाण्यासह स्वच्छ भांड्यात काढून बारीक नळीने टाकीचे पाणी त्यात थेंबथेंब सोडावे. अर्ध्या ते एक तासात दोन्ही पाण्यांची क्षारता जुळते. मूळ पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. चपट्या कृमी व इतर उपद्रवी जीव आत येऊ नयेत म्हणून प्रवाळांसाठी मिळणाऱ्या द्रावणात ठरावीक वेळ बुडवून मगच त्यास टाकीत ठेवावे.

हाताळताना रबरी हातमोजे व डोळ्यांना चष्मा वापरावा. मृदू प्रवाळांबरोबर विकल्या जाणाऱ्या झोअँथस जातीच्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. असे जीव चिकटलेले खडक घासू वा उकळू नयेत. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

पहिले तीन आठवडे

आरंभी प्रवाळ टाकीच्या तळाशी, मंद प्रकाशात ठेवावे. दोन ते तीन आठवड्यांत प्रकाश हळूहळू वाढवावा किंवा प्रवाळ क्रमाक्रमाने वर न्यावे. पाण्याचा प्रवाह मध्यम असावा; पंपाचा झोत थेट अंगावर येऊ नये. प्रवाळाचा तळ खडकावर नीट टेकलेला असावा, म्हणजे ते स्वतःच चिकटते.

नवख्या पालकाची खरी कसोटी येथे लागते. प्रवाळ पॉलिप मिटून घेते, आक्रसते, कोमेजल्यासारखे दिसते. सार्कोफायटन या छत्रीच्या आकाराच्या चर्मप्रवाळावर तर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो व कित्येक दिवस एकही पॉलिप उघडत नाही. हे मृत्यूचे लक्षण नव्हे. काही दिवसांनी हा पापुद्रा गळून पडतो, त्याबरोबर अंगावर बसलेले शैवाल व गाळही जातो आणि पॉलिप पुन्हा उमलतात. अशा वेळी घाबरून जागा बदलणे, औषधे घालणे, एकाच वेळी बरेच पाणी बदलणे हेच उपाय प्रवाळाच्या जिवावर बेततात. याउलट, ऊती विरघळू लागणे, तपकिरी चिकट द्रव सुटणे आणि दुर्गंधी येणे ही खऱ्या धोक्याची चिन्हे होत. असे प्रवाळ तत्काळ वेगळे काढावे व पाण्याचा काही भाग बदलावा.

मृदू प्रवाळे शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी पाण्यात रासायनिक द्रव्ये सोडतात. म्हणून दोन जातींत पुरेसे अंतर ठेवावे आणि गाळणीत सक्रिय कोळसा वापरावा.

उन्हाळा व विजेचा खंड

आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पाणी फार तापले तर प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकते व पांढरे पडते. १९९८, २०१० व २०१६ या वर्षी समुद्र तापल्याने लक्षद्वीपची प्रवाळे याच प्रकारे पांढरी पडली होती. टाकी उन्हापासून दूर ठेवावी व पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी चांगले थंड होते. मात्र वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. म्हणून घट भरून काढताना खारे पाणी न घालता शुद्ध गोडे पाणीच घालावे. पाऊस सुरू झाला की हवा दमट होऊन पंख्याचा उपयोग घटतो, हेही ध्यानात ठेवावे. वीज खंडित झाल्यास पाण्याची हालचाल चालू राहावी यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

प्रवाळ कोठून आले?

दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, समुद्रपंखे व ऑर्गन पाइप प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण २००१ पासून लाभले आहे. मुंबईतील सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी व हाजी अली येथील खडकांवर आढळलेल्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० साली अन्यत्र हलवाव्या लागल्या, तेव्हा त्यासाठी वन विभागाची परवानगी घेण्यात आली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी हे काम पाहिले. शासकीय प्रकल्पालाही जेथे परवानगी लागते, तेथे खाजगी व्यक्तीने किनाऱ्यावरील प्रवाळ उपटून आणणे हा अपराधच होय. यांपैकी ऑर्गन पाइप प्रवाळ व समुद्रपंखे ही मृदू प्रवाळांच्याच कुळातील असल्याने केवळ ‘मृदू’ या नावावर विसंबू नये. विक्रेत्याकडून जातीचे नाव, उगमाचा तपशील व पावती मागून घ्यावी. मृदू प्रवाळाचा तुकडा कापून त्यापासून नवी वसाहत वाढविता येते. असे संवर्धित तुकडे टाकीतील जीवनास सरावलेले असतात आणि त्यांच्यासाठी समुद्रातील प्रवाळ तोडावे लागत नाही.

प्रवाळपालनात महागड्या साधनांपेक्षा स्थैर्याचे महत्त्व अधिक आहे. तापमान, क्षारता व प्रकाश यांची नोंद रोज एका वहीत ठेवावी. तीन आठवडे नोंदीतील आकडे स्थिर राहिले आणि पॉलिप नियमितपणे उमलू लागले, म्हणजे प्रवाळ रुजले असे समजण्यास हरकत नाही. तोपर्यंत त्यास पाहावे, जपावे. परंतु हात लावू नये.